गळका डबा

आमच्या तिघांच्या घरात जर्मन येणारं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे मी. बाबांचं जर्मन कारखान्यापुरतं. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या गाड्यांच्या कारखान्याला माल पुरवणाऱ्या एका कंपनीत ते दारांच्या रबरी पट्ट्यांचं काम बघायचे. बंद दारातून पाण्याचा थेंब आत येता कामा नये, एवढ्या एका गोष्टीवर आमचं घर चालत होतं. रबर, भेग, भोक, गळती असले शब्द त्यांना झोपेतही जर्मनमध्ये यायचे, पण दुकानदाराने साधा विनोद केला की ते माझ्याकडे बघायचे. आई पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी घरूनच काम करायची, दिवसभर इंग्रजीत. तिच्याजवळ जर्मनचे तीन शब्द होते: या, गेनाऊ आणि आल्झो. आल्झो, म्हणजे तर मग, अशी सुरुवात करायची, समोरचा बोलत असताना या, या, म्हणजे हो, हो म्हणून मान डोलवायची आणि शेवटी गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असा शिक्का मारायचा. तेवढ्यावर तिने बेकरीवाली, पोस्टमन आणि खालच्या मजल्यावरच्या कजाग आजीबाई, सगळ्यांना खिशात घातलं होतं. ही भारतीय बाई किती समजूतदार आहे, असं त्या आजीबाई मलाच सांगायच्या.

त्यामुळे आठव्या वर्षापासून मी घरची दुभाषी. डॉक्टरकडे मी, बँकेत मी, परदेशी लोकांच्या कचेरीत खिडकीसमोर टाचा उंचावून उभी राहिलेली मीच. आणि खरं सांगायचं तर मी प्रामाणिक दुभाषी नव्हते. भाषांतर करताना चवीपुरतं मीठ-साखर घालायची सवय मला फार लवकर लागली. शाळेतल्या बाईंनी पालकसभेत सांगितलं, केतकी वर्गात अखंड बडबड करते आणि शेजारच्यांनाही काही करू देत नाही. मी आईला सांगितलं, केतकी वर्गात उत्साहाने भाग घेते आणि इतरांनाही सामील करून घेते. आई म्हणाली, गेनाऊ. बाई माझ्या आईच्या या मोकळेपणावर इतक्या खूश झाल्या की त्या वर्षी मला बरे मार्क पडले. आता माझेच गुडघे जिना चढताना वाजतात, तरी ती सभा आठवली की मला एकटीला हसू येतं.

मी तेराची असताना बाबांच्या डोक्यात वोनवागेन शिरला. वोनवागेन म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. त्याचं मूळ आईच्या फोडणीत होतं. आदल्या वर्षी आम्ही श्वार्त्सवाल्डच्या जंगलात एका छोट्या गेस्टहाउसमध्ये उतरलो होतो. तिसऱ्या दिवशी ब्रेड-चीज खाऊन आईचा जीव मेटाकुटीला आला, आणि तिने बॅगेतून आणलेल्या छोट्या शेगडीवर खोलीतच वरणाला फोडणी घातली. मोहरी तडतडली, हिंग पडला आणि छतावरच्या धुराच्या अलार्मने जो गळा काढला, तो थांबेचना. सगळं गेस्टहाउस चपला घालून अंगणात. मालक जिना धावत वर आले तेव्हा आई पातेल्यावर झाकण धरून उभी होती आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला या, या म्हणत होती. ते काय काय बोलले ते मी सांगितलं नाही. मी म्हटलं, त्यांना वास आवडलाय, पण नियम आहेत.

त्या उन्हाळ्यात साताऱ्याहून आप्पा, म्हणजे माझे आजोबा, पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होते. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कालव्याच्या कडेने सायकल हाणलेला माणूस. बाहेरचं खात नाहीत, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातलं तर नाहीच नाही. आजी गेल्यापासून ते फारसे कुठे जातही नसत. बाबांनी मनाशी घेतलं होतं की आप्पांना बोडनसी दाखवायचा, समुद्रासारखा पसरलेला तो तलाव आणि पलीकडचा बर्फाचा डोंगर. पण हॉटेलात आप्पा खाणार काय, हा प्रश्न होता. म्हणजे मग स्वयंपाकघरच बरोबर न्यायचं. बाबा एकदा ठरवलं की मागे हटणाऱ्यातले नव्हते. वोनवागेनचा पत्ता नव्हता तेव्हाच त्यांनी आमच्या जुन्या गाडीला तो ओढायचा आकडा बसवून घेतला. दोन महिने तो आकडा नुसताच मागे लटकत होता. मी आणि आई येता-जाता त्याला नडगी आपटून घेत होतो.

शेवटी फोनवरच्या जाहिरातीत एक सापडला. तासाभरावरच्या गावात, फ्राऊ केलर नावाच्या बाईंकडे. नवरा वारला होता, एकटीने तो कुठे ओढत नेणार म्हणून विकायला काढला होता. शनिवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. आईने थालीपिठांचा डबा, नारळ आणि चार लिंबं घेतली होती, म्हणजे व्यवहार ठरण्याआधीच तिने पूजेची तयारी केली होती. बाबा वाटेत मला बजावत होते की चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, आवडलं तरी नाक मुरडायचं. आणि गाडी फाटकातून आत वळली, चेरीच्या झाडाखाली तो पांढरा-तपकिरी वोनवागेन दिसला, तेव्हा सगळ्यात आधी बाबाच ओरडले, "अरे वा, काय झकास आहे."

होताच झकास. चॉकलेटी फुलाफुलांचे पडदे, पाडलं की पलंग होणारं टेबल, दोन शेगड्या, पेटीएवढा फ्रीज, आणि मागच्या बाजूला वरती एक इवलासा पलंग, त्याला स्वतःची खिडकी. ती खिडकी बघितली आणि मी संपले. मला घरात स्वतःची खोली नव्हती, हॉलमधला सोफा हीच माझी खोली. मनातल्या मनात मी त्या पलंगावर माझी पुस्तकं लावून मोकळी झाले होते. बाबांनी सगळ्या खिडक्यांच्या रबरांवरून बोट फिरवलं, दार दहा वेळा उघडलं-मिटलं आणि खूश होऊन म्हणाले की रबर अजून जिवंत आहे. मग सांगाडा बघायला ते अंग घासत खाली शिरले. बाहेर दिसत होते फक्त त्यांचे दोन पाय, एका मोज्याला अंगठ्याशी भोक पडलेलं. खालून गाणं गुणगुणल्याचा आणि मधूनच ठोकल्याचा आवाज येत होता.

फ्राऊ केलर आमच्याजवळ आल्या. उंच, सडपातळ बाई, बोलण्यात आडपडदा नाही. त्यांनी त्या पायांकडे पाहिलं, उसासा टाकला आणि म्हणाल्या, "देर इस्त निष्त गान्स दिष्त. हे मी आधीच सांगून ठेवते."

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. निष्त गान्स दिष्त हे शब्द आमच्या शाळेत दिवसातून वीस वेळा ऐकू यायचे, आणि त्यांचा अर्थ एकच होता: डोक्यावर परिणाम झालेला, अर्धवट. देर म्हणजे तो. बाई माझ्या बाबांना अर्धवट म्हणाल्या होत्या, आणि तेही माझ्या तोंडावर. माझे कान तापले. आईने विचारलं, "काय म्हणाल्या गं?" आणि मी सवयीने म्हटलं, "बाबांचं कौतुक करतायत."

आईचा चेहरा फुलला. त्याच आठवड्यात तिने बेकरीत चौथा शब्द कमावला होता, इमर, म्हणजे नेहमीच. तो वापरायला ती नुसती टपून बसली होती. तिने फ्राऊ केलरचा हात हातात घेतला, नवऱ्याच्या पायांकडे मायेने पाहिलं आणि म्हणाली, "या, या. गेनाऊ. इमर, इमर."

फ्राऊ केलर आधी चकित झाल्या, मग त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. तुम्हाला ठाऊकच आहे तर मग काही प्रश्नच नाही, असं म्हणून त्यांनी आईचा हात थोपटला. माझ्या आईने परक्या बाईसमोर कबूल केलं होतं की नवरा कायमचाच वेडा आहे.

बाबा केसांत गवत घेऊन बाहेर आले आणि मला म्हणाले, "केतू, एवढं नीट विचार त्यांना. पाणी कुठून आत येतं का?" मी विचारलं. फ्राऊ केलर माझ्याकडे जराशा नवलाने बघत म्हणाल्या की अगं मुली, आत्ताच नाही का सांगितलं. मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की त्यांचं वाक्यही धड कानात शिरू दिलं नाही. या बाईशी आणखी एक शब्द बोलायचा नव्हता, बाबांना आणखी काही ऐकायला मिळायला नको होतं, आणि वरच्या पलंगाची ती खिडकी मला हवी म्हणजे हवी होती. तिन्ही गोष्टी एकदमच झाल्या. मी म्हटलं, "नाही म्हणतायत. थेंबसुद्धा नाही."

मग काय विचारता. कागदावर सह्या झाल्या. आईने चाकांखाली लिंबं ठेवली. बाबा नारळ दगडावर आपटत राहिले, तो काही फुटेना, तेव्हा फ्राऊ केलर आतून नवऱ्याचा हातोडा घेऊन आल्या आणि त्यांनीच एका घावात त्याची दोन शकलं केली. खोबरंही चवीने खाल्लं. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. परतीच्या वाटेवर बाबा ताशी साठच्या वर गेले नाहीत, मागे गाड्यांची रांग लागली होती, आणि आम्ही तिघं टिपेला जाऊन गात होतो. आईने त्याचं नावही ठेवलं: डबा. आगगाडीचाही डबा असतो आणि जेवणाचाही, यात दोन्ही आहे, असं तिचं म्हणणं.

आप्पा आले ते दहा किलो ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. बोडनसीला जायला तीन आठवडे होते, पण धीर कुणाला. घरासमोर रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या डब्यातच आमचा चहा व्हायचा, तिथेच पिठलं-भाकरी. वीस पावलांवर आमचं स्वतःचं घर, आणि आम्ही चौघं त्या डब्यात गुडघ्याला गुडघा लावून जेवतोय. जाणारे-येणारे वाकून बघायचे, आई आतून हात हलवून आल्झो म्हणायची. उन्हं कडक होती, पावसाचं नाव नव्हतं. मी वरच्या पलंगावर पुस्तकं लावली होती. इतकं हसू मला त्यानंतर कुठल्या उन्हाळ्यात आलं असेल असं वाटत नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी भाकरीचा घास हातात तसाच धरून आप्पांनी वास घेतला. मग कोपऱ्यातल्या कपाटाशी जाऊन भिंतीवर टिचक्या मारत राहिले. टकटक, टकटक आणि मग एकदम भद. "मुकुंदा," ते बाबांना म्हणाले, "इथे पाझर आहे."

बाबा हसले. म्हणाले, आप्पा, तुमचे मातीचे कालवे वेगळे, हे माझं खातं आहे. त्यांच्या कारखान्यात गाडीवर चहूबाजूंनी पाण्याचा मारा करून गळती तपासतात, तशीच तपासणी त्यांनी शनिवारी दुपारी मांडली. खालच्या आजीबाईंकडून बागेची नळी आणली. आप्पांना टॉर्च देऊन आत बसवलं, आईला दाराशी, आणि स्वतः शिडीवर चढून टपावर पाणी सोडलं. मला घड्याळ लावायला सांगितलं. दोन मिनिटं काहीच झालं नाही, बाबा शिडीवरून विजयी मुद्रेने पाहत होते. मग आतून आप्पांचा अगदी शांत आवाज आला, कालव्यावरून पाणीपातळी कळवावी तसा: आलं. पुन्हा: वाढतंय. आम्ही आत धावलो. कोपऱ्यात भिंतीचा कागद पोटुशी बाईसारखा फुगला होता. बाबांनी तो नुसता बोटाने दाबला आणि बोट भिंतीत गेलं, थेट आरपार. आतलं लाकूड भिजवलेल्या पोह्यांसारखं हातात आलं.

मी बाबांना कधी इतकं रागावलेलं पाहिलं नव्हतं. डबा गळतोय याचा नव्हे, फसवलं गेल्याचा राग. रोज आठ तास पाणी अडवणाऱ्या माणसाला गळका डबा गळ्यात मारला, नवऱ्याचं नाव पुढे करून म्हातारी धडधडीत खोटं बोलली, असं म्हणत त्यांनी ओल्या कपड्यांनिशीच गाडी काढली. आई आणि आप्पा त्यांना आवरायला म्हणून बसले, मी बोलायला म्हणून. वाटभर बाबा मला वाक्यं शिकवत होते: म्हण, तुम्ही खोटं बोललात. म्हण, आम्ही परके म्हणून फसवलंत. मी बाहेरची मक्याची शेतं बघत होते. निष्त गान्स दिष्त. पाण्याने भिजलेल्या त्या भिंतीकडे बघतानाच माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं होतं. निष्त म्हणजे नाही, आणि दिष्त म्हणजे मुळात काय असणार? न गळणारं. वोनवागेनही जर्मनमध्ये तो असतो. देर म्हणजे बाबा नव्हते, देर म्हणजे डबा होता.

फ्राऊ केलरनी आम्हाला फाटकात पाहिलं आणि त्यांना आनंदच झाला. चेरीचा केक आत्ताच भट्टीतून काढलाय, म्हणाल्या. बाबा माझ्या मागे उभे होते, त्यांची बाही अजून ओलीच होती. "सांग त्यांना," ते म्हणाले. एकीकडे केकचा वास, एकीकडे बाबा. तेव्हा दोन्हीकडे मीठ-साखर घालून वेळ मारून नेणं मला सहज जमलं असतं. त्यांना म्हटलं असतं, बाबा आभार मानायला आलेत, आणि बाबांना म्हटलं असतं, त्या माफी मागतायत. वाक्यं तयारही झाली होती. पण मग बाबा जन्मभर या बाईंना खोटारडी समजले असते.

"त्या खोटं बोलल्या नाहीत," मी मराठीत म्हटलं. "मी बोलले."

आणि मग रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी आधीच सांगितलं होतं. मला वाटलं तुम्हालाच वेडा म्हणतायत. म्हणून मी सांगितलं नाही. पाण्याचं विचारलं तेव्हाही मीच नाही म्हटलं, त्या नाही. बाबांनी खिशातून कंपनीचं ओळखपत्र काढलं आणि त्यांच्या विभागाच्या नावावर बोट ठेवलं. त्यात दिष्त होता, तोच शब्द. रोज गळ्यात घालून ते तो मिरवत होते.

"म्हणजे त्या म्हणाल्या डबा गळतो," बाबा सावकाश म्हणाले, "आणि तुला वाटलं मी?"

"हो."

"आणि तुझी आई काय म्हणाली?"

"गेनाऊ. नेहमीच."

पहिले हसले ते आप्पा. धोतराचा सोगा तोंडावर धरून हसले. मग आई, आणि मग बाबा, पायरीवर मटकन बसून, ओल्या बाहीने डोळे पुसत. फ्राऊ केलरना काही कळेना. मी सांगायला तोंड उघडलं तर बाबांनी हाताने थांबवलं आणि स्वतः उठून त्यांच्या मोडक्या, रबरी जर्मनमध्ये सांगितलं की वोनवागेन गळतो, मीही गळतो, माझी बायको म्हणते नेहमीच. बाई केकची सुरी हातात तशीच धरून दाराच्या चौकटीला टेकल्या. त्यांच्या हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. केक आम्ही गरम गरमच खाल्ला. आप्पांनीसुद्धा खाल्ला, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातला, आणि वर आणखी मागितला.

परत येताना गाडीत सगळे हसून हसून थकले होते. बाबा आरशातून माझ्याकडे बघत होते. "केतू," ते हळूच म्हणाले, "आतापर्यंत अजून काय काय गाळलंस?"

मी सांगायला लागले. गेस्टहाउसचे मालक खरं काय म्हणाले होते. कचेरीतल्या खिडकीमागची बाई बाबांच्या उच्चारांची नक्कल करून शेजारणीला काय म्हणाली होती, आणि मी कसं सांगितलं होतं की उद्या या. दुकानातला माणूस, पार्किंगमधला म्हातारा. आठव्या वर्षापासूनचं एकेक निघत गेलं. मलाही ठाऊक नव्हतं इतकं मी आत साठवलं होतं. बाबा ऐकत होते, मधूनच नुसतं हं म्हणत होते. कचेरीतल्या बाईपाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली, मागे वळले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, ते माझ्यासाठी होतं गं, तू का ठेवून घेतलंस. पुढे जे काही असेल ते माझं मला देत जा. तेवढ्यात आईने विचारलं की मग त्या शाळेतल्या बाई नक्की काय म्हणाल्या होत्या, आणि मी उरलेला रस्ता झोपल्याचं सोंग घेतलं.

पुढचे दोन आठवडे डबा उघडा पडला होता. आप्पा मुकादम, बाबा कारागीर, मी आणि आई हमाल. सगळं सडलेलं लाकूड काढलं, फ्राऊ केलरनी भिंती सुकवायचं यंत्र आणि तो हातोडा आणून दिला. टपाच्या कोपऱ्यातली भेग बाबांनी अशी बुजवली की आप्पांनी तीन वेळा नळी सोडून पाहिली आणि तिन्ही वेळा आतून म्हणाले: कोरडं. नव्या फळीचा रंग मात्र जुन्याशी जुळला नाही, आणि बाहेरून तो कोपरा शेवटपर्यंत ठिगळ लावल्यासारखाच दिसत राहिला.

बोडनसीच्या काठी पहिल्याच सकाळी आई फोडणी घालत होती, दार सताड उघडं, कुठे अलार्म वाजला नाही. आप्पा पाण्याकडे तोंड करून खुर्चीत बसले होते, पलीकडच्या डोंगरावरच्या बर्फाकडे बघत. शेजारच्या मोठ्या चकचकीत वोनवागेनमधला माणूस कॉफीचा कप घेऊन आला, आमच्या डब्याभोवती एक चक्कर मारली, ठिगळाशी थांबला, हवा हुंगली आणि काहीतरी म्हणाला. आई म्हणाली, गेनाऊ.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतो?"

जुनं वाक्य जिभेवर आलंच होतं. मी ते गिळलं. "म्हणतो, एवढा कळकट वोनवागेन त्याने या तलावावर दुसरा पाहिलेला नाही," मी म्हटलं. "आणि विचारतोय, वास कशाचा येतोय, त्यालाही थोडं मिळेल का."

"दोन्ही म्हणाला?"

"दोन्ही."

बाबांनी डब्याकडे पाहिलं, ठिगळाकडे पाहिलं. मग आत जाऊन पाचवी ताटली काढली.